दिवसाला पाच प्रश्न

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून चार गल्ल्या अलीकडे आमची सोसायटी आहे. जुनी इमारत चार मजल्यांची, चाळीस खोल्यांची, बिनलिफ्टची. यातल्या एकोणचाळीस घरांत कुणालाही वेळ नाही. मागवलेली कोथिंबीर दहा मिनिटांत दारात आली नाही तर लोक फोन करून भांडतात, आणि आलेली कोथिंबीर मग चार दिवस फ्रीजमध्ये पडून सडते. चाळिसावं घर दशरथ गुरवाचं. त्याच्याकडे वेळ इतका, की बाकीच्या एकोणचाळीस घरांना वाटला असता तरी उरला असता. मी सोसायटीचा सेक्रेटरी, भाऊराव. या माणसाने माझं किती रक्त आटवलं ते मलाच ठाऊक. म्हणून लिहायला बसलोय. स्तुती करायचा माझा इरादा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

दशरथ मूळचा कुडाळकडचा. घराणं गुरवांचं, म्हणजे देवाची पूजा करायची आणि लोकांची गाऱ्हाणी देवाच्या कानावर घालायची. विसाव्या वर्षी मुंबईत येऊन गिरणीत लागला. पंचविसाव्या वर्षी संप झाला आणि गिरणी जी बंद पडली ती पडलीच. दशरथ दोन वर्षं ती पुन्हा सुरू होण्याची वाट बघत होता, यावरून काय ते ओळखा. शेवटी मरोळच्या एका कारखान्यात त्याला चिकटवला तो मी. मी तिथे डिस्पॅचला होतो. तीस वर्षं माल वेळेवर रवाना करणं एवढंच माझं काम. दशरथ पॅकिंगला. खोक्यावरची चिकटपट्टी जरा तिरकी लागली तर हा ती सोलून पुन्हा लावणार. खाली ट्रकवाला हॉर्न मारतोय, वर मी बोंबलतोय, आणि साहेब चिकटपट्टी सोलतायत. त्याच्या हातचं खोकं तीस वर्षांत एकदाही फुटून परत आलं नाही, हे मान्य. पण ते कधी वेळेवर गेलंही नाही.

सोसायटी बांधली तेव्हा गावच्या देवाची परवानगी घेऊन दशरथने तिकडून एक पाषाण आणला आणि पंपाच्या खोलीशेजारी त्याची स्थापना केली. तो आमचा रवळनाथ. त्याला दशरथ कौल लावायचा. कौल म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देव ‘हो’ म्हणाला, डावी पडली तर ‘नाही’. पाच मिनिटांत पडेल, नाहीतर दोन तासांनी. तोवर पंखा लावायचा नाही, शिंकायचं नाही, नजर हलवायची नाही. कारण पाकळी पडण्याआधी सुटायला लागते, आणि ते सुटणं ज्याला दिसतं तो गुरव. बाकीचे नुसते घंटा वाजवणारे. हे दशरथचं म्हणणं.

मी त्याला एकदा म्हटलं, “अरे, पाणी वाळलं की पाकळी पडते. शाळेतलं पोर सांगेल.”

“वाळता खरा,” तो म्हणाला. “पण आदी खंयची वाळता, ता कोण ठरयता?”

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची गावची जमीन, कुणाची आखाताची नोकरी, सगळ्यांसाठी तो त्या दगडासमोर मांडी घालून बसायचा. कधी दोन्ही पाकळ्या तशाच चिकटून राहायच्या. मग दशरथ हात जोडून उठायचा आणि त्या माणसाला सांगायचा, “प्रश्न चुकलो. दुसरो घेऊन ये.” लोक बिचारे दुसरा प्रश्न आणायला घरी जायचे.

त्याची बायको जानकीवहिनी बरोबर उलट. तिच्या हाताला चाक होतं आणि तोंडाला ब्रेक नव्हता. गिरणी बंद पडल्यावर नवरा वाट बघत बसला, तेव्हा तिने डबे सुरू केले. सकाळी साडेनऊला चाळीस डबे भरून तयार. ही खोली तिच्या डब्यांवर झाली आणि म्हणून तिच्याच नावावर होती. नवऱ्याला ती सगळ्यांसमोर फैलावर घ्यायची. “ह्येंच्या धोंड्याक येळ आसा, माका नाय. माझो भात करपता,” असं म्हणत ती जिने चढायची, दोन्ही हातांत पिशव्या, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून लिफ्ट न लावणाऱ्या बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दशरथ खाली दगडासमोर बसून ते सगळं ऐकायचा आणि हसायचा. आम्ही म्हणायचो, जोडी शोभते: एकाला वेळ जात नाही आणि एकीला पुरत नाही.

इमारत पाडायचं ठरलं त्याच्या अडीच वर्षं आधी डबे भरता भरता तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्या बाईला गप्प कसं करायचं हा चौथ्या मजल्याचा कायमचा प्रश्न होता, ती गप्प झाली. हॉस्पिटलात डॉक्टर तिच्या पायाशी उभे राहून म्हणाले, “समजण्याचा भागही गेलाय. खायला घाला, स्वच्छ ठेवा, बाकी अपेक्षा ठेवू नका.” मीही तिथे होतो. मान हलवायची वेळ आली तेव्हा मीही हलवली. मोठ्या माणसाने सांगितलं की आपण ऐकतो, विशेषतः त्याची पुढची व्हिजिट दुसऱ्या मजल्यावर असते तेव्हा.

त्यानंतर जानकीवहिनीची खोली ही बोलायची सोयीस्कर जागा झाली. तिला काय कळतंय, म्हणून तिच्या उशाशी बसून कुणीही काहीही बोलायचं. भेटायला येणाऱ्या बायका सुनांची गाऱ्हाणी तिथे सांगत. मी तिथे बसून कमिटीतल्या लोकांना शिव्या घातल्या आहेत. बाई बघत राहायची, आणि आम्ही तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघून बोलायचो.

दशरथ मात्र तिच्याकडे बघायचा. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. सहा महिन्यांनी तो मला जिन्यात भेटला आणि हळूच म्हणाला, “भाऊराव, ती हलता.”

“कोण?”

“तिचा बोट. डाव्या हाताचा. चाय इचारली की हलता.”

मी म्हटलं, “बरं आहे.” दुसरं काय म्हणणार? वेड्याच्या नादी लागायला मला वेळ नव्हता. पाण्याचा टँकर यायचा होता.

मग त्याने एक ताट काढलं. स्टीलचं साधं जेवणाचं ताट. ते तिच्या मांडीवर ठेवायचं, तिचा डावा हात त्याच्या मधोमध. उजवीकडे लाल जास्वंद, डावीकडे पांढरी तगर. जास्वंद म्हणजे हो, तगर म्हणजे नाही. “जानकी, चाय व्हयी?” असं एकदाच विचारायचं आणि थांबायचं. पुन्हा विचारायचं नाही, कारण देवाला कुणी दोनदा विचारतं का? बोट ज्या फुलाला लागेल ते उत्तर. एका उत्तराला वीस मिनिटं, कधी पाऊण तास. त्यामुळे दिवसात प्रश्न मावायचे पाच. चहा हवा का. खिडकी उघडू का. हिरवं पातळ नेसवू का. आज बोंबील आणू का. पाचवा प्रश्न तो कुणाला सांगत नसे. चहाला ती हो म्हणेपर्यंत केलेला चहा गार व्हायचा. मग हा तो स्वतः प्यायचा आणि तिच्यासाठी नवीन करायचा. दोन वर्षांत याने जेवढा गार चहा प्यायला तेवढा एखाद्या सरकारी कचेरीतही पीत नसतील.

एकदा मी स्वतः बघायला बसलो. शोध लावायचाच असेल तर सेक्रेटरीच्या देखत लागावा. चाळीस मिनिटं बसलो. मला काही दिसलं नाही. घड्याळाचा तासकाटा हलताना दिसतो का कुणाला? मधे तीनदा मोबाईल बघितला. शेवटी दशरथ म्हणाला, “बघ, पोचला.” बघतो तर बोट जास्वंदीला टेकलेलं. मी घरी येऊन बायकोला, मीराला, सांगितलं की दशरथ स्वतःच ताट हलवत असणार. मीरा म्हणाली, “तुम्ही माझ्या उत्तराला कधी चाळीस मिनिटं थांबलायत?” त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक तेवढ्यात कुणाचातरी फोन आला.

आता पुनर्विकास. ज्या दिवशी आमच्या इमारतीच्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर होणार हे ठरलं, त्या दिवसापासून सोसायटीत माणसं राहिली नाहीत. सगळे चौरस फुटांत बोलायला लागले. तळमजल्यावरची माणसंसुद्धा लिफ्टसाठी हळवी झाली. दोन-चार म्हाताऱ्यांनी कुरकुर केली की देवाला विचारलं का? मी म्हटलं, विचारा. दशरथ पाषाणासमोर बसला. अडीच तास बसला. उजवी पाकळी पडली. देवाचीही ना हरकत मिळाली, तीही झेरॉक्सचा खर्च न होता.

मग करार आले. ज्याच्या नावावर खोली, त्याची सही. बिल्डरकडून धवल नावाचा पोरगा यायचा. नेहमी शर्ट खोचलेला, बोलायला साखर. “भाऊकाका, टेन्शन नाही घ्यायचं, महिनाअखेर सगळे डन करून टाकू ना.” एकोणचाळीस सह्या नऊ दिवसांत झाल्या. काहींनी तर करार वाचण्याचाही आळस केला. राहिली चाळिसावी. जानकी दशरथ गुरव.

कायद्याने काय करायचं ते धवलने सांगितलं. बाई सही करण्याच्या स्थितीत नसेल तर कोर्टातून पालक नेमून आणायचा, त्याला आठ-दहा महिने. “नाहीतर मग,” धवल खाली बघून म्हणाला, “अंगठा असला तरी चालतो, काका. मी काय बघायला थोडीच येतो.”

दशरथचा मुलगा नितेश मुलुंडला राहतो. तो वाईट मुलगा नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला बोल लावाल आणि मग आरशात बघायचं विसराल. तो आणि त्याची बायको अपूर्वा दोघं नोकरीला, घर वन बीएचके, तेही भाड्याचं. पंधरा दिवसांनी एकदा बोरीवलीला यायचा, आईची औषधं, डायपर, पावडर सगळं आणायचा. आईच्या पलंगाच्या कडेला बसायचा आणि बसल्या बसल्या फोन उरकायचा. बांधकामाची तीन वर्षं कशी काढायची याची त्याने सोय लावली होती. बाबा त्याच्याकडे हॉलमध्ये. आई मुलुंडलाच एका केअर सेंटरमध्ये. “चांगलं आहे, भाऊकाका. नर्स आहेत. तिला काय, इथे काय नि तिथे काय. तिला कुठे कळतंय?”

मी म्हटलं, “बरोबर आहे.”

दशरथ म्हणाला, “तिका इचारूया.”

“बाबा, काय विचारणार तिला?”

“खोली तिची, अंगठो तिचो. तिका इचारल्याशिवाय मी लावूचंय नाय.”

रविवारी सकाळी दहाला आम्ही त्याच्या खोलीत जमलो. मी, कमिटीतले दोघं आणि धवल. असा देखावा मी आयुष्यात पाहिला नाही. साडेतीनशे कोटींचा प्रकल्प, आणि चार जाणती माणसं एका स्टीलच्या ताटाकडे बघत बसलेली. दशरथने फुलं मांडली, बायकोचा हात मधे ठेवला, आणि विचारलं, “जानकी, बिल्डिंग पाडूची म्हणतत. अंगठो लावूया?” मग तो गप्प झाला. पहिल्या अर्ध्या तासात कमिटीतल्या एकाला आठवलं की गॅसवाला येणार आहे. पाऊण तासाने दुसऱ्याला गॅसवाला आठवला. धवल शहाणा, तो खुर्चीत बसल्या बसल्या झोपला. साडेबारापर्यंत बोट जिथे होतं तिथेच. दशरथने ताट उचललं. “आज नाय.”

सोमवारीही नाही. पुढच्या रविवारीही नाही. देवाने अडीच तासांत ना हरकत दिली आणि जानकीवहिनी तीन आठवडे फाईल अडवून बसली. सोसायटीच्या ग्रुपवर लोक मला विचारू लागले की सेक्रेटरी झोपलेत का. दुष्काळात तेरावा महिना. एकाने हात जोडलेली सतरा चित्रं टाकली. माझं डोकं फिरलं. तीस वर्षं या माणसाची खोकी माझ्या छातीवर होती, आणि आता टॉवरही?

मंगळवारी सकाळी अकराला दशरथ खाली देवाची पूजा करत असतो, हे मला माहीत होतं. मी शाईचं पॅड आणि करार घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो. आमच्याकडे दारं दिवसा उघडीच असायची. जानकीवहिनी पलंगावर टेकून बसलेली. मी स्टूल ओढलं. म्हटलं, “वहिनी, फक्त एक मिनिट.” हे मी कुणाला सांगत होतो कोण जाणे.

डावा अंगठा पॅडवर टेकवला. कागद मांडीवर घेतला. तेवढ्यात बघतो तर अंगठा मुठीत गेलेला. म्हटलं, आखडला असेल. हळूच बाहेर काढला. कागद सरळ करीपर्यंत पुन्हा आत. आखडलेल्या हाताला ताठपणा असतो. हा हात मऊ होता. मी काढला की निघत होता, आणि सोडला की सावकाश, अगदी सावकाश, चार बोटं एकामागून एक त्याच्यावर मिटत होती. तिसऱ्या वेळी मी कागद खाली ठेवला आणि नुसता बघत बसलो. करंगळी शेवटी मिटली. मग मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. अडीच वर्षांत मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, तेव्हा ती कधीपासून बघत होती ते मला सांगता येणार नाही.

मला लाज वाटली. चौसष्टाव्या वर्षी, शेजाऱ्याच्या घरात चोरासारखा शिरून, एका आजारी बाईची मूठ उघडत बसलेला मी. मी रुमालाने तिचा अंगठा पुसायला लागलो, पण ती शाई कसली जाते! दशरथ वर आला तेव्हा मी पुसतच होतो.

त्याने निळा अंगठा पाहिला, कागद पाहिला, मला पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता चपलेने मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं. तो तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “मूठ मिटूक किती येळ लागलो तिका?”

“असतील पाच-सात मिनिटं.”

“पाच-सात?” त्याचा चेहरा उतरला. “माका चायक वीस घेता.” मग थोड्या वेळाने तो स्वतःशीच म्हणाला, “म्हणजे नको ता लय जोरात नको आसा.”

“मग इतके दिवस तगरीला बोट का नाही लावलं?”

“प्रश्न चुकलो,” दशरथ म्हणाला. “बिल्डिंग पाडूक तिची ना नाय. लिफ्टसाठी चाळीस वर्षां शिव्या घातल्यान ती. अंगठ्याक ना आसा. म्हणून ती हो पण म्हणूक नाय, नाय पण म्हणूक नाय. अंगठो लावल्यार काय जाता तिचा?”

आम्ही दोघं विचार करत बसलो. खरं म्हणजे तो विचार करत होता. मला उत्तर माहीत होतं. अंगठा लागला की खोली रिकामी, आणि खोली रिकामी झाली की ती सेंटरमध्ये.

“तिका सेंटरचा कोणी सांगितल्यान?” दशरथने विचारलं. “मी नाय सांगूक.”

“सांगितलं कुणीच नाही,” मी म्हटलं. “नितेश फोनवर बोलत होता. इथेच बसून.”

दशरथ उठला. त्याने चहाचं भांडं गॅसवर चढवलं. तिला न विचारता चहा केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या रविवारी त्याने नितेशला बोलावून घेतलं. नितेश वैतागलेलाच आला. ताट बघून आणखी वैतागला.

“बाबा, मला माफ करा, पण हे काय आहे? ताट तुम्ही धरता, फुलं तुम्ही ठेवता, उत्तरही तुम्हीच सांगता. मी कसा विश्वास ठेवू? आईचा सगळा भार तुम्ही घेताय, मला समजतं. पण हे तुमच्या मनाचे खेळ आहेत.”

मी मनात म्हटलं, बरोबर आहे. तोंडाने बोललो नाही. या एका बाबतीत माझी थोडी प्रगती झाली होती.

दशरथ चिडला नाही. त्याने ताट नितेशच्या हातात दिलं. “खरा आसा. मग तू धर. तूच इचार. मी थांबाचंय नाय.” आणि तो चपला घालून खाली निघून गेला. जाताना मला म्हणाला, “भाऊराव, तू बस. आणि तो मोबाईल हंय ठेव.” त्याने माझा मोबाईल घेतला आणि फ्रीजवर ठेवला.

नितेश आईसमोर बसला. ताट तिच्या मांडीवर ठेवलं, तिचा हात उचलून मधे ठेवला, तेही जरा घाईनेच. घसा खाकरला. “आई. मी नितेश.” हे ओळख करून देणं मला हसण्यासारखं वाटलं, पण हसू आलं नाही. “आई, काम चालू असेपर्यंत तुला मुलुंडच्या सेंटरला ठेवू का?”

पहिल्या चार मिनिटांत त्याने दोनदा खिडकीबाहेर पाहिलं. खिशात फोन थरथरला, त्याने वरूनच दाबला. सहाव्या की सातव्या मिनिटाला त्याने फोन काढून जमिनीवर पालथा घातला. मग कोपरं गुडघ्यांवर टेकून तो खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला. खोलीत पंखासुद्धा बंद होता. खालून दशरथची घंटा ऐकू आली आणि थांबली.

“हलतंय,” नितेश कुजबुजला. “काका, हलतंय हे.”

मलाही या वेळी दिसलं. काय हलत होतं म्हणाल तर काहीच नाही. बोटाखालची ताटाची चकाकी तेवढी कमी-जास्त होत होती. पण ते डावीकडे जात होतं, तगरीकडे. बावीस मिनिटं लागली. बोट पांढऱ्या फुलाला टेकलं आणि तिथेच राहिलं. ताट कुणी हलवलं नव्हतं. दशरथ चार मजले खाली होता.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे टॉवरची काळजी करणाऱ्यांचा जीव भांड्यात पडेल. सेंटर रद्द झालं. धवलच्या ऑफिसने तळमजल्यावरची एक खोली शोधून दिली, आमच्याच गल्लीत, नवरा-बायको दोघांनाही पुरेल अशी. मग अंगठ्याचा प्रश्न पुन्हा विचारला गेला. डॉक्टर आणि नोटरी दोघांना बसवून ठेवलं होतं, आणि नोटरीने एक तास चाळीस मिनिटांची वेगळी फी लावली. वहिनीने जास्वंदीला बोट लावलं, डॉक्टरने लिहून दिलं, अंगठा झाला. इमारत पाडली. लोक आता मला विचारतात की बाविसाव्या मजल्याचा स्लॅब कधी पडणार. तो पडेल तेव्हा पडेल.

पण त्या रविवारी तगरीला बोट टेकल्यावर मला वाटलं होतं की झालं, उठावं. नितेश उठला नाही. तो आईच्या बोटाकडे बघत होता आणि त्याचा रंग उतरत चालला होता.

“भाऊकाका,” तो म्हणाला, “म्हणजे हिला समजतं.”

मी मान हलवली.

“पहिल्यापासून?”

तो आठवत होता. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. अडीच वर्षांत या पलंगाच्या कडेला बसून तो काय काय बोलला होता: अपूर्वाशी, ऑफिसातल्यांशी, सेंटरवाल्यांशी. ‘सुटली तर बरं होईल, काका, तिचंही आणि आमचंही,’ हे तर तो माझ्याशीच बोलला होता, दिवाळीच्या आदल्या दिवशी, तिच्या पायांवर हात ठेवून. आणि मी म्हटलं होतं, हो रे बाबा, देवाने लवकर सोडवावं.

नितेशने फुलं पुन्हा सारखी केली. आईचा हात दोन्ही हातांनी उचलला आणि अलगद मधे ठेवला. त्याला नीट विचारता येईना. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला.

“आई,” तो म्हणाला, “तू सगळं ऐकलंस?”

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बोट निघालं, उजवीकडे, जास्वंदीकडे. इतकं सावकाश निघालं की ताट बाजूला करायला नितेशला भरपूर वेळ होता. जमिनीवरचा फोन पुन्हा थरथरत होता, तो घ्यायला उठला असता तरी त्याला कुणी नावं ठेवली नसती. मी तर दाराकडेच बघत होतो. तो जागचा हलला नाही. सोळा मिनिटं तो आपल्या आईचं ‘हो’ येताना बघत बसला.